ब्रेक मारल्यावर ट्रेलरचा खटका: प्लेट, जबडा आणि किंगपिन कसे तपासायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा इंजिनवाला ट्रक) आणि ४० फुटी ट्रेलर घेऊन तीन महिने झाले. चाकणहून न्हावा शेव्याला कंटेनर येतात-जातात. बोरघाट उतरताना ब्रेक मारला की पाठीत गुद्दा बसल्यासारखा खटका येतो, आणि सिग्नलवरून गाडी उचलतानाही तोच आवाज. ड्रायव्हरकाका म्हणतात, ‘सगळ्या ट्रेलरला असतो, त्याचं काय एवढं.’ गाडी थांबवून बघावी का?

हो, थांबवा. पुढची भरलेली फेरी लावायच्या आधी बघा. काकांचा अनुभव मोठा असेल, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. बारीकसा ‘टक्’ सगळ्यांना असतो, हे खरं. पाठीला जाणवणारा खटका सगळ्यांना नसतो. मी उरण-पनवेल पट्ट्यात २६ वर्षं ट्रेलरचंच काम करतोय आणि असे खटके घेऊन आलेल्या गाड्यांत काही ना काही सापडलंच आहे. कधी शंभर रुपयांचं, कधी चाळीस हजारांचं.

आधी खटका कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे कुणी मेकॅनिक काहीही सांगून पार्ट बदलायला लावणार नाही. ट्रेलरच्या पोटाखाली, नाकाच्या बाजूला जी जाड लोखंडी पिन खाली लोंबते ती किंगपिन. घोड्याच्या पाठीवरची घोड्याच्या नालेसारखी चकती म्हणजे फिफ्थ व्हील, ज्याला आपण नुसतं प्लेट म्हणतो. घोडागाडीच्या काळात पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी लोखंडी कडी असायची, चार चाकांनंतरचं पाचवं चाक. नाव तिथून आलं. प्लेटच्या मधल्या फटीत पिन शिरते आणि आतला जबडा तिच्या मानेभोवती बंद होतो. सगळा ट्रेलर, वरचा कंटेनर, आतला माल, एवढ्याशा मानेवर ओढला जातो. बहुतेक कंटेनर ट्रेलरची पिन दोन इंची असते, म्हणजे मानेचा व्यास ५०.८ मिलिमीटर. तुमच्या अंगठ्याच्या दुप्पट म्हणा.

गाडी उचलताना पिन जबड्याच्या एका बाजूला दाबली जाते, ब्रेक मारताना ट्रेलर मागून रेटतो आणि ती दुसऱ्या बाजूला आदळते. मधे जागा नसेल तर आदळायला काही उरत नाही. पण बंदराच्या गेटबाहेर रांगेत उभं राहिलात तर एका रात्रीत गाडी दोनशे वेळा पुढे सरकते आणि थांबते. प्रत्येक वेळी लोखंडावर लोखंड. झिजून एक मिलिमीटर जागा झाली की आदळणं वाढतं, आणि आदळणं वाढलं की झीजही वाढते. म्हणून पहिले दोन मिलिमीटर व्हायला चार वर्षं लागली असली तरी पुढचे दोन व्हायला चार वर्षं लागत नाहीत.

खटका तीन ठिकाणी असू शकतो: पिन आणि जबड्याच्या मधे, प्लेट ज्या दोन पायांवर बसते त्या पिना-बुशांमधे, किंवा ते पाय चासीला जिथे बोल्टने आवळलेत तिथे. चौथी शक्यता प्लेटशी संबंधित नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

शोधायची रीत सोपी आहे. सपाट जागा घ्या. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा आणि ट्रेलरचा ब्रेक लावून ठेवा. काकांना स्टिअरिंगवर बसवा आणि घोडा फक्त हळूच पुढे-मागे हलवायला सांगा, क्लच सोडून धक्का द्यायला नको. तुम्ही बाजूला उभे राहा. बाजूला म्हणजे बाजूला. घोडा आणि ट्रेलरच्या मधे वाकून बघायचं नाही, प्लेटमधे हात घालायचा नाही. दोन माणसांच्या मधे आधी खूण ठरवून घ्या: हात वर दिसला की ब्रेक. आता बॅटरीच्या उजेडात एकेक जागा बघा. ट्रेलरची तळप्लेट (पोटाखालची सपाट पत्री, जिच्यातून किंगपिन खाली येते) आणि घोड्याची प्लेट यांच्यावर खडूने एकच उभी रेघ मारून ठेवलीत तर गाडी हलली की रेघेचे दोन तुकडे किती सरकले ते पट्टीने मोजता येतं. अमेरिकेच्या केंद्रीय तपासणी नियमात ही पुढे-मागे हालचाल अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरच्या वर गेली की गाडी नापास होते. तो आकडा शेवटची हद्द आहे. माझ्याकडे पाच-सहा मिलिमीटर दिसलं की मी प्लेट सोडवून बघतोच, कारण १२ ला पोहोचलेली गाडी घाटात कुणी चालवू नये.

रेघ जागची हलली नाही पण पायाच्या पिनेपाशी किंवा चासीवरच्या बोल्टपाशी हालचाल दिसली, तर दोष तिथे. पायाची पिन आणि तिचा ब्रॅकेट यांच्यातल्या हालचालीला त्याच नियमात ३/८ इंच, साधारण साडेनऊ मिलिमीटर, एवढी सूट आहे. बोल्टच्या जागी मात्र कसलीच हालचाल चालत नाही, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. ढिला बोल्ट स्वतःच सांगतो. वायसरच्या कडेने गंजाची तांबडी रेघ ओघळलेली दिसेल, किंवा त्याच्या भोवती लोखंड घासून चकचकीत झालेलं दिसेल. हातोडीने हलकेच ठोकून बघा. आवळलेला बोल्ट खणखणीत वाजतो, ढिल्याचा आवाज बसका येतो. असा बोल्ट सापडला तर तेवढाच आवळून निघू नका. तो वाकलेला, ताणलेला असू शकतो. सगळे काढा, त्याच ग्रेडचे नवे घाला आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला आवळा. मग नट आणि प्लेट मिळून एक पिवळी रेघ रंगवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनच कळतं. ‘बोल्ट सारखे ढिले होतात’ म्हणून कुणी प्लेटला चासीशी वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर त्याच्या दारातून गाडी बाहेर काढा. चासीच्या पोलादाला तिथे उष्णता लागली की तडा जायची जागा आपणच तयार करतो.

आता ट्रेलर सोडा आणि पिन बघा. आधी जुनं ग्रीस चिंधीने आणि डिझेलने पूर्ण काढा. काळ्या ग्रीसखाली काहीच दिसत नाही. मग व्हर्नियर घ्या. मोजायच्या दोन जागा आहेत. मान, जी नवी असताना ५०.८ मिलिमीटर असते आणि ४९ ला बाद होते. आणि तिच्या वरचा जाड भाग, तळप्लेटला लागून, जो नवा ७३ असतो आणि ७१ ला बाद होतो. दोन्ही ठिकाणी दोनदा मोजा, एकदा गाडीच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवं. पिन गोल झिजत नाही. ओढ आणि रेटा दोन्ही लांबीच्या दिशेने असतात, म्हणून ती पुढून-मागून चपटी होते. आडवं मोजून ‘५०.५ आहे, मस्त आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. त्याच पिनेचं लांबीच्या दिशेचं माप ४८.६ होतं. बोट फिरवलं तरी कळायचं, मानेच्या पुढच्या अंगाला नखाने चाचपता येईल अशी कड तयार झाली होती.

मोजून झालं की गुन्या लावा, पिन तळप्लेटशी काटकोनात आहे का बघा. जोरात मागे घेऊन ट्रेलर जोडायची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या हाताखालची पिन कधीकधी वाकलेली निघते. तळप्लेटवर लांब सरळ पट्टी धरून ती सपाट आहे का तेही बघा. मधे फुगलेली किंवा खड्डा पडलेली तळप्लेट घोड्याच्या प्लेटवर नीट टेकत नाही आणि सगळा भार दोन-तीन ठिपक्यांवर येतो.

झिजलेली पिन वेल्डिंगने भरून लेथवर चढवून देणारे आपल्याकडे आहेत. मी हात जोडून सांगतो, करू नका. किंगपिन उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगची आच लागली की तिची ती ताकद जाते. वरून नवीकोरी दिसते, माप बरोबर येतं, आणि एक दिवस मानेतून काचेसारखी तुटते. पिन बाद झाली की बदलायची. बोल्टवाली असेल तर काम सोपं आहे. वेल्डिंगने बसवलेली असेल तर ज्याला ट्रेलर बांधायचा अनुभव आहे अशाच ठिकाणी न्या.

तडा शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पिनेची मान, तळप्लेटला जिथे ती मिळते तो कोपरा, प्लेटचे पाय आणि फटीच्या दोन्ही टोकांचे कोपरे तारेच्या ब्रशने घासा. रॉकेल किंवा पातळ तेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसून घ्या आणि वरून खडू चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ होऊन वर येतं. बाजारात तडे शोधायचा लाल रंगाच्या फवाऱ्याचा सेट मिळतो, तो जास्त चांगला. पण खडूनेही मी तडे पकडलेत. तडा दिसला की तिथे वेल्डिंग नाही, भाग बदली.

पिन चांगली निघाली तर मग जबडा. बऱ्याच प्लेटना बाजूला एक ॲडजस्टिंग स्क्रू असतो. जबडा झिजला की तो थोडा फिरवून बंदिस्तपणा परत आणता येतो. इथे एक चूक फार होते आणि ती तुमच्या धंद्यात जास्त महाग पडते. झिजलेली पिन आत असताना कुणी स्क्रू फिरवून खटका घालवतो. त्या ट्रेलरपुरता खटका जातोही. पण कंटेनरच्या कामात तोच घोडा उद्या दुसऱ्या ट्रेलरला लागतो. तिथे पिन नवी, पूर्ण ५०.८ ची. जबडा आता तिच्यासाठी अरुंद झालाय, म्हणून पूर्ण बंदच होत नाही. म्हणून स्क्रूला हात लावायचा तो नव्या मापाची पिन किंवा गेज आत घालूनच. स्क्रूची हद्द संपली असेल तर जबडा आणि झीज-कडीचा किट बदला. नवा किट घालून पिन जुनीच ठेवलीत तर पैसे अर्धे वाया गेले असं समजा.

रिकाम्या प्लेटचा जबडा टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, बंद करून बघायची पद्धत आहे, पण स्प्रिंग जोरदार असते. त्यात बोट गेलं तर बोट जातं. टॉमी लांब घ्या, दुसरा हात पाठीमागे ठेवा.

आता जोडणीबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते खटक्याहून मोठं आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैत, रात्री एकच्या सुमाराला मला एका रिकाम्या कंटेनरच्या यार्डातून फोन आला. ट्रेलर घोड्यावरून उतरून पडला होता. गेटजवळ वळण घेताना मागे सरकला, तळप्लेट आधी घोड्याच्या चासीवर आदळली आणि मग नाक जमिनीवर. क्लीनर मुलगा मिनिटभर आधीच पावती आणायला खिडकीपाशी गेला होता, नाहीतर तो त्या बाजूनेच चालत होता. ड्रायव्हर थरथरत एकच वाक्य म्हणत होता, ‘खट् आवाज आला होता हो, मी ओढूनपण बघितलं.’ तो खोटं बोलत नव्हता. मी पावसात बॅटरी लावून पिन बघितली. तिच्या सगळ्यात खालच्या कडेला चंद्रकोरीएवढी ताजी चकचकीत खूण होती, आणि जबड्याच्या ओठावर तशीच दुसरी. म्हणजे जबडा मानेभोवती बंदच झाला नव्हता. पिनेचं खालचं टोक नुसतं जबड्याच्या वर अडकलं होतं. घोडा पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खाली उभा होता आणि ट्रेलर वर, काँक्रीटवर. पिन उंचावरून शिरली, जबडा तिच्या टोकाच्या धक्क्याने मिटला, आवाज तोच आला. हळू ओढल्यावर टोक अडकून राहिलं. वळणावर निसटलं.

त्या रात्रीनंतर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो: कान आणि ओढ दोन्ही फसवतात, खाली उतरून डोळ्याने बघितल्याशिवाय ट्रेलरचे पाय, म्हणजे घोडा सोडल्यावर ट्रेलरचं नाक ज्यांच्यावर उभं राहतं ते, वर घ्यायचे नाहीत. ट्रेलरची तळप्लेट घोड्याच्या प्लेटपेक्षा किंचित खाली असली पाहिजे, म्हणजे घोडा शिरताना ट्रेलर थोडा उचलला जातो. उंची जुळत नसेल तर पायांचं हँडल फिरवा, आळस नको. हळू शिरा. जबडा लागला की ट्रेलरचा ब्रेक धरून लहान गिअरमधे दोनदा ओढा. मग इंजिन बंद, हँडब्रेक, आणि बॅटरी घेऊन खाली. तीन गोष्टी बघायच्या. प्लेट आणि तळप्लेट यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसता कामा नये. मागून, फटीतून बॅटरी मारली की जबडा पिनेच्या मानेमागे पूर्ण बंद दिसला पाहिजे. आणि प्लेटच्या बाजूचं जबड्याचं हँडल पूर्ण आत गेलेलं, त्यावरचा सेफ्टी कॅच खाली बसलेला हवा. हँडल दोन बोटं बाहेर असेल तर पिन लागलेली नाही, लाथ मारून आत ढकलू नका. सोडा, उंची जुळवा, परत जोडा. हे सगळं ठीक दिसल्यावरच ट्रेलरचे पाय वर.

उरणकडची बरीच यार्डं खाजणात भराव घालून केलेली आहेत. पावसाळ्यात ट्रेलरचे पाय रात्रभरात मातीत रुततात आणि सकाळी उंची कालच्यासारखी राहत नाही. पायांखाली टाकायला दोन जाड फळ्या गाडीतच ठेवा. आणि कुठेही थोडा वेळ गाडी सोडून गेलात, चहाला का होईना, तर परत येऊन हँडल आणि कॅच एकदा बघा.

ग्रीसचं सांगतो. लिथियमचं, जास्त दाबाला टिकणारं, मॉलिब्डेनम किंवा ग्रॅफाइट असलेलं घ्या. जुन्यावर नवं थापू नका. रस्त्यावरची खडी-धूळ त्यात मिसळून जो लगदा होतो तो सँडपेपरचं काम करतो. महिन्यातून एकदा ट्रेलर सोडून जुनं खरवडा, प्लेटच्या खोबणी, जबडा आणि पिन यांना ताजं लावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, कारण खाऱ्या हवेत उघडं लोखंड फार लवकर धरतं. वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवलेली प्लेट असेल तर वरच्या बाजूला ग्रीस लागत नाही, पण जबड्याला लागतंच, तिथे लोक विसरतात. कोरडी प्लेट ओळखायची खूण: वळल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ यायला कुरकुरतं आणि ओल्या रस्त्यावर घोडा सरळ रेटत जातो. घाटात ते फार वाईट.

जुना घोडा घेतलाय म्हणून आणखी एक. प्लेटवर कंपनीची छोटी पट्टी असते, तिच्यावर D आणि U असे दोन आकडे असतात. D म्हणजे ओढण्याची क्षमता, किलोन्यूटनमधे. U म्हणजे वरून किती टन भार चालतो ते. २०१८ मधे केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली, चार टायरच्या सिंगल एक्सलला १०.२ टनांचे ११.५ टन झाले. कागदावर मर्यादा वाढली म्हणून त्याआधी बसवलेल्या प्लेटची ताकद वाढत नाही. पट्टी घासून वाचा आणि तुम्ही खरोखर किती भरता त्याच्याशी ताडून बघा. पट्टीच नसेल, किंवा मागच्या मालकाने दुसऱ्याच गाडीची प्लेट बसवलेली दिसली, तर मी ती प्लेट ठेवणार नाही.

आता ती चौथी शक्यता. पिन, जबडा, पाय, बोल्ट सगळं मापात निघालं आणि तरी घाटात रेटा बसतोय, तर ट्रेलरचे ब्रेक बघा. ट्रेलरचे ब्रेक उशिरा लागले किंवा कमी लागले तर सगळं ओझं घोडा एकटा थांबवतो आणि ट्रेलर त्याच्या पाठीवर येऊन पडतो. घाट उतरून आलात की प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न लावता नुसता तळवा धरा. घोड्याचे ड्रम भाजून काढतायत आणि ट्रेलरचे जेमतेम कोमट असतील तर दोष सापडला. बहुतेक वेळा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील काढणारा भाग) किंवा हवेच्या पाइपातली गळती निघते. हे दुरुस्त न करता नुसता जबड्याचा किट बदलला तर नवा किटही वर्षभरात खटखट करू लागेल. तुमचा खटका ब्रेकवर जास्त आणि उचलताना कमी असेल तर मला या बाजूचा संशय थोडा अधिक आहे. दोन्हीकडे सारखाच असेल तर पिन आणि जबडा.

काकांना या सगळ्यात सोबत घ्या. खडूची रेघ त्यांच्याच हाताने मारून घ्या, व्हर्नियर त्यांना धरू द्या. तपासणीपर्यंत गाडी रिकामी आणि सपाट रस्त्याने वर्कशॉपपर्यंत आणायला हरकत नाही, बोल्टच्या जागी हालचाल दिसली नसेल तरच. ती दिसली तर गाडी जागेवर ठेवून मेकॅनिकला तिथे बोलवा. मोजमाप झालं की पिनेची चारही मापं, खडूची रेघ किती सरकली तो आकडा आणि D-U ची पट्टी काय म्हणते ते कळवा. किट, पिन की ब्रेक, ते त्यावरून सांगतो.